नाताळच्या गोठ्यासाठी व्हाळातले गोटे: निवडण्यापासून व्हार्निशपर्यंत

तुळशीची लग्नं उरकली की आमच्या वेंगुर्ल्याकडच्या व्हाळांचं, म्हणजे ओढ्यांचं, पाणी ओसरायला लागतं. पावसाने घासूनपुसून ठेवलेले गोटे उघडे पडतात आणि मी कापडी पिशवी घेऊन निघते. गेली सहा वर्षं आमच्या घरचा नाताळचा गोठा दगडांचा असतो. मारिया, योसेफ, गव्हाणीतलं बाळ, मेंढरं, तीन राजे, सगळे रंगवलेले गोटे. गोठा बघायला येणाऱ्यांपैकी कुणीतरी हमखास विचारतं, "रंग कुठला गो वापरलंस?" रंगाचं उत्तर एका वाक्यात देता येतं. दगडाचं देता येत नाही, म्हणून हा लेख.

पहिल्या वर्षी मी १८ डिसेंबरला समुद्रावरून गोटे आणले, नळाखाली धरले, फडक्याने पुसले आणि दुसऱ्या दिवशी रंगवायला बसले. नाताळच्या रात्री गोठा देखणा दिसला. ६ जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, बघते तर मारियेच्या निळ्या वस्त्राखालून पांढरी पूड बाहेर आलेली आणि रंग पापडासारखा उचललेला. ती पूड म्हणजे मीठ. दगडाच्या बारीक भेगांत खारं पाणी मुरलेलं असतं. ते सुकतं तसे मिठाचे कण तयार होतात, जागा मागतात आणि वरचा रंग ढकलून देतात. हवेत दमटपणा असला की तेच मीठ पुन्हा ओलावा ओढतं, पुन्हा सुकतं, पुन्हा ढकलतं. किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला हे लोखंडी गजांवरून कळायला हवं होतं. मला दगडाच्या बाबतीत सुचलं नाही.

१. आधी दिवस मोजा

रंगवायला दोन-तीन दुपारी पुरतात. दगड तयार व्हायला मात्र दोन आठवडे लागतात. आगमनकाळाचा, म्हणजे नाताळच्या तयारीच्या आठवड्यांचा, पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर या दिवसांत कधीतरी येतो. त्या रविवारपर्यंत दगड धुऊन, सुकून, अस्तर लावून तयार असले तर पुढे धावपळ होत नाही. मी नोव्हेंबरच्या मध्यावर दगड आणते, आगमनकाळाच्या पहिल्या आठवड्यात रंगवते आणि १५ डिसेंबरच्या आत व्हार्निश संपवते. २० तारखेनंतर करंज्या, दोदोल आणि घराची साफसफाई यांतून हात मोकळा होत नाही.

२. दगड कुठून आणायचे

व्हाळातून किंवा नदीच्या वरच्या अंगाकडून आणा. सह्याद्रीतून येणाऱ्या आमच्या नद्या घाटातला काळा दगड गोल करत खाली आणतात. खाडीचं खारं पाणी जिथवर चढतं त्याच्या वर जा. पाण्याची चव घेऊन पाहिली की समजतं. व्हाळ कुणाच्या बागायतीतून जात असेल तर मालकाला विचारा. आमच्याकडे कुणी नाही म्हणत नाही, पण न विचारता गेलेलं आवडत नाही, आणि ते बरोबरच आहे.

एका गोठ्याला १५ ते २० दगड पुष्कळ झाले. ते एकाच जागेवरून उचलू नका. दगडाखाली खेकडे आणि किडे-अळ्या राहतात. दगड उलटवून बघितला आणि नको असला तर होता तसाच परत ठेवा.

समुद्रावरून आणूच नये का? माझं मत स्पष्ट आहे: नको. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या दगडांना कालवं आणि शिंपल्या चिकटलेल्या असतात, ती त्यांची घरं आहेत. किनाऱ्यावरून दगड आणि वाळू काढण्यावर सागरी किनारा नियमनाचे निर्बंध आहेत. चार गोटे म्हणजे खाणकाम नव्हे, पण एकाचं बघून दहा जण पोती घेऊन येतात. मालवणला तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तिथे पांढरा, जाळीदार, हलका "दगड" दिसला तर तो प्रवाळ असू शकतो. प्रवाळाला वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चं संरक्षण आहे. मेलेला आणि वाहून आलेला असला तरी हात लावू नका.

३. कोणता दगड घ्यायचा

काळा दगड सर्वांत चांगला: घट्ट, जड, अंगाला किंचित खरखरीत. मात्र त्याच्यात बारीक पोकळ्या असलेला प्रकारही मिळतो. तो टाळा, पोकळ्यांत पाणी लपून राहतं.

जांभा नको. आपल्या घरांचा चिरा जांभ्याचा, म्हणून मोह होतो. पण तो पाणी पितो, कडा झडतात आणि तांबडा डाग पांढऱ्या रंगातून वर येतो. मी एकदा जांभ्याचा एक सुंदर त्रिकोणी तुकडा नाताळच्या झाडासाठी वापरला होता. तीन वेळा अस्तर लावूनही तो गुलाबी झाला.

गारगोटीचं वेगळं आहे. ती इतकी गुळगुळीत की रंग धरत नाही. मी तिची फक्त मेंढरं करते. अंग गारगोटीचंच पांढरं राहू द्यायचं आणि तोंड व पाय काळे करायचे. तेवढीच जागा पॉलिश पेपरने घासून घ्या, म्हणजे रंग बसतो.

शंका आली तर सुक्या दगडावर पाण्याचा थेंब टाका. थेंब मण्यासारखा बसून राहिला तर दगड घट्ट. मिनिटभरात मुरला तर तो परत ठेवा.

४. धुणं आणि सुकवणं

हे काम कुणाला दाखवता येत नाही, त्याचं कौतुकही होत नाही. पण गोठा टिकतो तो याच्यामुळे.

पहिल्या दिवशी दगड बादलीत घालून नारळाच्या सोडणाने खसखसून घासा. शेवाळ कोपऱ्यांत असतं, तिथे जुना दात घासायचा ब्रश चालवा. भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब पुरे. साबण पूर्ण निघेपर्यंत धुवा, कारण त्याचा थर राहिला तर अस्तर सुटतं.

पुढचे पाच दिवस दगड गोड्या पाण्यात बुडवून ठेवा आणि रोज पाणी बदला. कुणी दिलेला दगड समुद्रावरचा असेल, किंवा कुठला ते माहीत नसेल, तर दहा दिवस ठेवा. मीठ गेलं का हे पाहायची युक्ती अशी: बादलीतलं चमचाभर पाणी स्टीलच्या ताटलीत उन्हात वाळू द्या. शेजारी दुसऱ्या ताटलीत विहिरीचं ताजं चमचाभर पाणी ठेवा. दोन्हींत सारखाच डाग राहिला तर झालं. बादलीतल्या पाण्याचा डाग जास्त पांढरा असेल तर अजून भिजवा. विहिरीचं पाणी शेजारी ठेवायलाच हवं, कारण आपल्या बऱ्याच विहिरींचं पाणी स्वतःच डाग सोडतं.

मग सुकवणं. दगड वरून तासाभरात कोरडा दिसतो. आतून तो कोरडा नसतो. खळ्यात उन्हात ठेवा, दर दिवशी कूस बदला आणि संध्याकाळी न चुकता घरात घ्या. डिसेंबरच्या तोंडावर रात्री दव पडतं. दिवसभर वाळलेला दगड बाहेर राहिला तर सकाळी पुन्हा ओला मिळतो. असं चार-पाच दिवस करा. शेवटच्या दुपारी एक दगड पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, तोंड घट्ट बांधून उन्हात ठेवा. दोन तासांनी पिशवीला आतून घाम आला तर दगड ओला आहे. घरी वजनकाटा असेल तर आणखी सोपं: दोन दिवस लागोपाठ वजन तेच भरलं की दगड सुकला.

सावध करते: घाई झाली म्हणून दगड चुलीत, गॅसवर किंवा ओव्हनमध्ये ठेवू नका. आतल्या पाण्याची वाफ झाली की दगड फुटतो आणि कपच्या डोळ्यांत जाऊ शकतात. ऊन पुरेसं आहे.

५. सामान

- ॲक्रिलिक रंग, छोट्या बाटल्या: पांढरा, काळा, लाल, निळा, पिवळा, गेरूसारखा तांबूस, तपकिरी, थोडा सोनेरी. पांढरा सर्वांत आधी संपतो, तो मोठा घ्या. हिरवा निळ्या-पिवळ्यातून होतो.
- अस्तरासाठी भिंतीचा पाण्यातला पांढरा प्रायमर. घर रंगवताना उरलेला वाटीभर असेल तर विकत आणूच नका.
- ब्रश: ० आणि २ नंबरचे गोल, ६ नंबरचा चपटा. स्वस्त ब्रशचे केस रंगात अडकतात, त्यामुळे ० नंबरचा तेवढा चांगला घ्या.
- पाण्यातलं ॲक्रिलिक व्हार्निश, चकाकी नसलेलं किंवा मंद चकाकीचं.
- बारीक पॉलिश पेपर, पेन्सिल, सुती फडकं, पाण्याचे दोन डबे.
- नारळाचे हीर पाच-सहा, आणि तितक्याच करवंट्या.

हीर कशाला, तर ठिपक्यांसाठी. हिराचं बूड जाड, शेंडा बारीक. कात्रीने हव्या त्या जाडीवर कापला की हव्या त्या मापाचा ठिपका मिळतो. करवंटीत थोडी वाळू घालून दगड तिच्यात बसवला की दगड डुगडुगत नाही आणि दोन्ही हात मोकळे राहतात.

काय घेऊ नये तेही सांगते. शाळेचे पोस्टर रंग आणि जलरंग घेऊ नका, व्हार्निशचा ब्रश फिरला की ते विरघळून पसरतात. चमकी घेऊ नका. ते बारीक प्लॅस्टिक असतं, झाडलोटीबरोबर अंगणात आणि तिथून व्हाळात जातं.

६. अस्तर

ज्या भागावर रंग येणार तेवढ्याच भागाला प्रायमर लावा. दोन पातळ हात, मध्ये चार तास, मग रात्रभर विश्रांती. जाड एक हात लावला तर त्याला तडे जातात. सावंतवाडीचे चितारी गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते, करताना चिंचोक्याची खळ आणि खडूचं अस्तर वापरतात, म्हणून मीही एका वर्षी खळ करून पाहिली. गंजिफांवर वरून लाख चढते, हात मुरलेला असतो. माझ्या दगडांवर आठवड्यात बुरशी आली. नवख्याने प्रायमरच वापरावा.

सगळा दगड पांढरा करू नका, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. काळा दगड हीच बेथलेहेमची रात्र आहे. त्याच्यावर एक पिवळी चांदणी आणि चार पांढरे ठिपके काढले की आभाळ उभं राहतं. काळ्या रंगाने ते तसं कधीच होत नाही.

७. कोण कुठल्या दगडात आहे

सगळे सुकलेले दगड जमिनीवर मांडा आणि थोडा वेळ नुसतं बघा. चित्र आधी ठरवून दगड शोधत बसलं की मन खट्टू होतं. दगड बघून चित्र ठरवा.

उभट आणि खाली रुंद दगड असेल तर मारिया किंवा योसेफ. असा दगड आपोआप उभा राहतो. राहत नसेल तर बूड खरखरीत फरशीवर पाणी घालून घासा, थोडं सपाट होतं. घासलेला दगड पुन्हा सुकवायचा हे विसरू नका. त्रिकोणी चपटा दगड म्हणजे नाताळचं झाड. लांबट, मधे खोलगट मिळाला तर ती गव्हाणी. नसला तर करवंटीचा तुकडा आणि वाळलेलं गवत घ्या. बाळासाठी अंगठ्याएवढा लांबट गोटा हवा. तो मला दर वर्षी सर्वांत शेवटी सापडतो. बैलासाठी एका बाजूला उंचवटा असलेला दगड शोधा, तोच वशिंड होतो.

मेंढपाळांना मी घोंगडी देते. एका दगडावर गाबित बाई आहे, डोक्यावर माशांची टोपली घेतलेली. संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीत ग्रेच्चो गावात पहिला गोठा मांडला तो खऱ्या बैल आणि गाढवासह, तिथल्या गावकऱ्यांसाठी. आपल्या गोठ्यात आपल्या गावची माणसं आली तर काहीच बिघडत नाही.

८. रंगवणं

पेन्सिलीने हलकी रेघ काढा. डोकं म्हणजे दगडाचा वरचा तिसरा हिस्सा, बाकी सगळं वस्त्र. हात वेगळे काढायला जाऊ नका, वस्त्राखाली दोन वळणदार रेघा दाखवल्या की ते जोडलेले वाटतात.

मोठे भाग आधी, बारीक नंतर. एक हात सुकल्यावरच दुसरा. या दिवसांत पातळ हात अर्ध्या तासात वाळतो. रंग साईसारखा हवा. फार पाणी घातलं तर तो ओघळतो आणि धरत नाही. मारियेला निळं वस्त्र, आत लाल किंवा पांढरं, ही जुनी रीत आहे. योसेफाला तपकिरी-पिवळं. तीन राजे, गास्पार, मेल्कियोर आणि बाल्थाझार, यांच्या वस्त्रांत मात्र हात मोकळा सोडा. सोनेरी रंग त्यांच्यासाठीच राखून ठेवा.

चेहऱ्याचा रंग बाटलीतून थेट घेऊ नका. "स्किन" म्हणून मिळतो तो गुलाबी रंग आपल्यापैकी कुणाच्याच अंगावर नसतो. पिवळ्यात गेरूसारखा तांबूस आणि चिमूटभर तपकिरी घाला, मग थोडा थोडा पांढरा. आमच्या घरचं बाळ सावळं आहे.

नवख्यांचे सगळ्यांत जास्त दगड डोळ्यांपाशी बिघडतात. उघडे डोळे काढायला गेलं की एक मोठा, एक लहान होतो, तो सुधारायला गेलं की चेहराच पुसला जातो. मिटलेले डोळे काढा: खाली वळलेल्या दोन छोट्या कमानी, बस्स. गव्हाणीकडे बघणारी माणसं खालीच बघत असतात. ओठासाठी हिराच्या शेंड्याने एक ठिपका. नाक नको. चुकलंच तर ओल्या फडक्याने लगेच टिपा. वाळलं असेल तर वरून अस्तराचा ठिपका देऊन पुन्हा सुरू करा.

मुलं बरोबर बसणार असतील तर त्यांना झाडं, चांदण्या आणि मेंढरं द्या. ठिपक्यांचं झाड पाच वर्षांचं मूलही सुरेख करतं. तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती मात्र सुपारीएवढे गोटे देऊ नका, ते सरळ तोंडात जातात.

९. व्हार्निश

रंग संपल्यावर पूर्ण एक दिवस थांबा. मग व्हार्निशचे दोन पातळ हात, मध्ये किमान चार तास. सकाळी दहा ते दुपारी तीन ही वेळ धरा. संध्याकाळी लावलं आणि दवाची हवा लागली की व्हार्निश दुधाळ होतं, आणि त्या पांढुरक्या पडद्यामागचा निळा पुन्हा खुलत नाही. तेलातलं फर्निचरचं व्हार्निश पिवळं पडतं, तेही नको.

आणखी एक खड्डा: बारीक रेघा पर्मनंट मार्करने काढल्या असतील आणि वरून फवाऱ्याचं व्हार्निश मारलं तर शाई पसरते. माझ्या मेंढपाळाच्या दाढीचं असं झालं आहे. मार्कर वापरायचाच असेल तर आधी एका रिकाम्या दगडावर करून बघा.

१०. मांडणी आणि टांगणी

१२-१३ डिसेंबरला उथळ ताटलीत माती घालून नाचणी पेरा, नाताळपर्यंत हिरवंगार कुरण होतं. दगड त्याच्या कडेने मांडा, रोपांवर नको. पाणी देताना दगडांवर उडू देऊ नका. बाळ २४ च्या मध्यरात्रीपर्यंत कपाटात असतं. राजे आम्ही खोलीच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीत ठेवतो आणि रोज थोडे पुढे सरकवतो. ६ जानेवारीला ते गोठ्यात पोचतात. मेणबत्ती दगडांना टेकवून ठेवू नका, रंग आणि व्हार्निश दोन्ही प्लॅस्टिकचेच आहेत.

झाडावर दगड टांगायचे असतील तर वजन लक्षात घ्या. ६ सेंटिमीटर लांब, ४ रुंद आणि दीड जाड असा काळा गोटा साधारण ५५ ग्रॅम भरतो. सुरूच्या फांदीला असे चार लटकवले की ती वाकते. किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनातून फांद्या तोडूही नयेत. आंब्याची वाळकी, काटकुळ्यांची फांदी वाळूच्या कुंडीत रोवा, ती वजन पेलते. दगडाला काथ्याची बारीक दोरी उभी-आडवी बांधा आणि गाठीवर दोन नळ्यांचा एपॉक्सी गोंद लावून एक दिवस राहू द्या. साध्या पांढऱ्या डिंकावर दगड टिकत नाही. टांगलेल्या दगडाखाली कुणाच्या डोक्याची जागा येणार नाही हे बघा.

रंगवलेले दगड व्हाळात, विहिरीत, माशांच्या टाकीत ठेवू नका आणि गंमत म्हणून किनाऱ्यावर सोडूनही येऊ नका. रंग सुटून पाण्यातच जातो.

११. पुढच्या वर्षासाठी

राजांचा सण झाला की दगड आवरायचे. वर्तमानपत्रात गुंडाळू नका. व्हार्निश वरून सुकलं तरी पूर्ण कडक व्हायला काही आठवडे जातात, तोवर कागद चिकटतो आणि शाईची अक्षरं राजाच्या पाठीवर उमटतात. जुन्या सुती साडीचे तुकडे करा, एकेक दगड वेगळा गुंडाळा, पत्र्याच्या किंवा लाकडी पेटीत उभे ठेवा, जड तळाला. पेटी जमिनीला टेकवू नका. पावसाळ्यात आमच्याकडे भिंतीच्या बुडाशी ओल येते, म्हणून ती माळ्यावर जाते.

बंद करण्याआधी प्रत्येक दगडाच्या बुडावर पेन्सिलीने वर्ष, कुठल्या व्हाळातला आणि कुणी रंगवला ते लिहा, आणि वरून व्हार्निशचा एक हात द्या. माझ्या भाच्याने २०२१ साली रंगवलेलं मेंढरू आता त्याला ओळखू येत नाही. बुडावरचं नाव वाचलं की तो ते गव्हाणीच्या सर्वांत जवळ नेऊन ठेवतो.